विश्लेषण : दारातला चेहरा काळा का पडतो? मोबाइलमधले ‘एचडीआर’ नेमके काय करते, कसे वापरावे?

भर दुपारी घराच्या दारात आजी उभी आहे. मागे अंगणात ऊन रणरणते आहे. नातू घरातून मोबाइल रोखून फोटो काढतो आणि पडद्यावर दिसते ती एक काळी आकृती. फोटो पुन्हा काढला की चेहरा दिसतो, पण अंगण, तुळशीवृंदावन, आकाश सगळे पांढरेफटक होऊन जाते. डोळ्यांना मात्र आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही दिसत असतात आणि तुळशीची पानेही. डोळ्यांची आणि कॅमेऱ्याची ही तफावत भरून काढण्याचे तंत्र म्हणजे ‘हाय डायनॅमिक रेंज’, म्हणजेच एचडीआर. आज बहुतेक मोबाइलमध्ये ते न सांगता चालू असते. त्यामुळे ते काय करते, कधी मदत करते आणि कधी चांगला फोटो बिघडवते, हे माहीत असलेले बरे.

डोळ्यांना दिसते ते कॅमेऱ्याला का दिसत नाही?

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो बारीक ठिपके असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेल हे पावसात अंगणात मांडून ठेवलेले भांडे समजावे. पाऊस म्हणजे उजेड आणि शटर उघडे असेपर्यंतचा वेळ म्हणजे भांडे बाहेर ठेवण्याचा वेळ. जिथे मुसळधार पाऊस आहे तिथले भांडे क्षणात भरते आणि वाहू लागते. एकदा वाहू लागले, की नंतर किती पाणी पडले हे कळायला मार्ग नाही. फोटोतला पांढराफटक भाग म्हणजे अशी वाहून गेलेली भांडी. तिथला तपशील कोणत्याही ॲपने परत आणता येत नाही, कारण तो नोंदलाच गेलेला नसतो.

उलट बाजूला, आडोशाला ठेवलेल्या भांड्यात चार थेंबच पडतात. ते मोजता येतात, पण मोजमापातली चूकच थेंबांइतकी मोठी असते. फोटोचा गडद भाग उजळवला की जे रंगीत दाणे दिसू लागतात, ती ही चूक. तिला ‘नॉइज’ म्हणतात.

मोबाइलची अडचण अशी, की त्याचा सेन्सर फार लहान असतो. मोठ्या कॅमेऱ्यातला ‘फुल फ्रेम’ सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, तर मोबाइलचा सेन्सर साधारण करंगळीच्या नखाएवढा. भांडी लहान, म्हणून ती लवकर भरतात आणि लवकर वाहतात. डोळा वेगळ्या रीतीने काम करतो. तो दृश्यावरून सतत फिरतो, उजेडाकडे पाहताना बाहुली आकसते, सावलीकडे वळताना ती पसरते, आणि या तुकड्यांतून मेंदू एक सलग चित्र तयार करतो. एचडीआर तंत्रही थोडेफार हेच करते.

‘डायनॅमिक रेंज’ म्हणजे काय? ती मोजतात कशी?

दृश्यातल्या सर्वात उजळ आणि सर्वात गडद भागांतल्या अंतराला डायनॅमिक रेंज म्हणतात. ती ‘स्टॉप’ या मापात मोजतात. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट. दहा स्टॉपपर्यंत पोहोचले की फरक हजारपटीच्या थोडा पुढे जातो.

दारातल्या फोटोचे गणित करून पाहू. भर दुपारच्या उन्हात उजेड सुमारे एक लाख लक्स असतो. समजा, घराच्या आत तो १०० लक्स आहे. फरक झाला हजारपट, म्हणजे दहा स्टॉप. त्यात उन्हात वाळत घातलेले पांढरे धोतर आपल्यावर पडलेला बहुतेक उजेड परत फेकते, तर घरातली काळी लाकडी तुळई त्यातला जेमतेम विसावा भाग. म्हणजे आणखी सुमारे चार स्टॉप. एकूण चौदा स्टॉप, अर्थात सोळा हजारपट फरक! मोठ्या सेन्सरच्या चांगल्या कॅमेऱ्याची मजल एका फोटोत साधारण इथपर्यंत जाते. मोबाइलचा लहान सेन्सर एका फोटोत त्याच्या बराच मागे राहतो. मग नेहमीच्या जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच असतात. एवढे मोठे अंतर त्या पायऱ्यांत बसवायचे असते.

महाराष्ट्रात हे अनुभवायला लेण्यांइतकी चांगली जागा नाही. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात उभे राहिले, की दर्शनी भागातल्या भव्य कमानदार गवाक्षातून उजेड आत येतो. छताच्या प्राचीन लाकडी फासळ्या, स्तंभांवरच्या मूर्ती आणि स्तूप अंधुक उजेडात असतात. फासळ्या दिसाव्यात म्हणून फोटो उजळ काढला, तर गवाक्ष पांढरा गोळा होतो. गवाक्ष सांभाळले, तर लेणे अंधारात बुडते. अजिंठ्याच्या चित्रांपुढे तर फ्लॅश वापरायला बंदीच आहे. तिथे आहे त्या उजेडात काम भागवावे लागते.

ही युक्ती मोबाइलबरोबर आली का?

नाही. ती छायाचित्रणाइतकीच जुनी म्हणावी लागेल. एकोणिसाव्या शतकात काचेवर रसायन लावून फोटो काढत. ते रसायन निळ्या रंगाला फार लवकर प्रतिसाद देई. त्यामुळे समुद्र किंवा जमीन नीट यावी एवढा वेळ दिला, की आकाश कोरे पांढरे होऊन जाई. फ्रान्सचे छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी त्यावर तोडगा काढला. आकाशासाठी एक निगेटिव्ह, समुद्रासाठी दुसरी. मग दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जुळवून एकच चित्र छापायचे. भूमध्य समुद्राकाठच्या सेत बंदरात १८५७ मध्ये टिपलेले त्यांचे मोठ्या लाटेचे छायाचित्र याच रीतीने तयार झाले आहे.

पुढे अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास ‘झोन सिस्टीम’ मांडली. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत उजेडाचे टप्पे पाडायचे आणि दृश्यातला कोणता भाग कोणत्या टप्प्यावर येणार, हे फोटो काढण्याआधीच ठरवायचे, ही त्यामागची पद्धत. छापताना डार्करूममध्ये कागदाच्या काही भागांवर हात किंवा पुठ्ठा धरून उजेड कमी द्यायचा, तर काही भागांना जास्त द्यायचा, हेही तेव्हाचे रोजचे काम होते. अणुस्फोटाची छायाचित्रे काढण्यासाठी चार्ल्स वायकॉफ यांनी वेगवेगळ्या संवेदनक्षमतेचे थर असलेली खास फिल्म तयार केली. स्फोटाचा डोळे दिपवणारा गाभा आणि भोवतालचा अंधार एकाच फिल्मवर टिपणे, हा तिचा उद्देश होता.

संगणकाने त्यात काय बदलले?

हाताच्या कसबाची जागा गणिताने घेतली. १९९५ मध्ये अमेरिकेतील एमआयटीचे स्टीव्ह मान आणि रोझालिंड पिकार्ड यांनी, एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडातले डिजिटल फोटो एकत्र करून कॅमेऱ्याची मर्यादा ओलांडण्याची पद्धत मांडली. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांचा शोधनिबंध आला. अशा फोटोंच्या मालिकेवरून दृश्यातल्या प्रत्येक बिंदूचा प्रत्यक्ष उजेड किती, याचा नकाशा कसा काढायचा, हे त्यांनी दाखवले. मलिक हे आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी. हॉलीवूडच्या चित्रपटांत संगणकाने तयार केलेली पात्रे खऱ्या दृश्यात बेमालूम मिसळतात, त्यामागेही हे काम आहे.

आणखी एक भारतीय नाव इथे येते. रांचीच्या बिर्ला इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेले, कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक श्री नायर. त्यांनी आणि सोनीच्या तोमू मित्सुनागा यांनी २००० मध्ये वेगळी वाट सुचवली. एकापाठोपाठ एक फोटो काढण्याऐवजी सेन्सरवरच्या शेजारशेजारच्या पिक्सेलना कमी-जास्त संवेदनक्षम करायचे, म्हणजे एकाच क्षणात दोन्ही प्रकारची नोंद होईल. आजच्या अनेक मोबाइल सेन्सरमध्ये पिक्सेलच्या गटाला वेगवेगळा वेळ देण्याची सोय असते. ती याच विचाराच्या कुळातली.

बटण दाबल्यावर मोबाइल नेमके काय करतो?

सर्वसामान्यांच्या खिशात एचडीआर पोहोचले ते २०१० मध्ये. त्या वर्षी सप्टेंबरात ॲपलने आयओएस ४.१ मध्ये ही सोय दिली. फोन एकापाठोपाठ तीन फोटो काढी, एक गडद, एक नेहमीचा आणि एक उजळ. गडद फोटोतून आकाश, उजळ फोटोतून सावलीतला भाग आणि उरलेले मधल्या फोटोतून घेऊन एक चित्र तयार होई. पद्धत सोपी, पण तीन फोटोंच्या दरम्यान हात हलला किंवा माणूस हलला, की एकाच्या जागी दोन कान दिसत.

गुगलने २०१३ मध्ये नेक्सस ५ या फोनवर ‘एचडीआर प्लस’ आणले, तेव्हा विचारच उलटा केला. वेगवेगळ्या उजेडाचे फोटो काढण्याऐवजी एकसारखे, मुद्दाम गडद ठेवलेले अनेक फोटो भराभर काढायचे. गडद असल्यामुळे आकाश वाहून जात नाही. फोटो एकसारखे असल्यामुळे ते एकमेकांवर बसवणे सोपे जाते. सावलीतल्या दाण्यांचे काय, तर त्याला सरासरीचा उपाय. नॉइज प्रत्येक फोटोत वेगवेगळ्या जागी पडतो, खरा तपशील मात्र जागा सोडत नाही. चार फोटोंची सरासरी काढली की नॉइज निम्मा होतो, नऊ फोटोंची काढली की एकतृतीयांश. मग गडद भाग निर्धास्तपणे उजळवता येतो.

यातली गंमत अशी, की कॅमेरा ॲप उघडताच फोन फोटो टिपायला लागलेला असतो. ताजे काही फोटो तो तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो आणि जुने पुसत राहतो. बोट बटणावर पडते तेव्हा अनेक फोन त्या आधीच्या क्षणांचे फोटोही वापरतात. पुढच्या काळात दोन्ही पद्धतींचा मेळ घातला गेला. गुगलने गडद फोटोंच्या मालिकेत एक जास्त वेळ दिलेला उजळ फोटो मिसळायला सुरुवात केली. ॲपलने २०१८ पासून आयफोन १० एसपासून ‘स्मार्ट एचडीआर’ आणले.

फोटो एकत्र झाले, तरी एक काम उरते. सोळा हजारपटीचे अंतर २५६ पायऱ्यांत बसवायचे असते. याला ‘टोन मॅपिंग’ म्हणतात. सरसकट दाबले तर चित्र राखाडी आणि निर्जीव दिसते. म्हणून फोन चित्राचे भाग पाडून आकाश थोडे उतरवतो, चेहरा थोडा चढवतो, कडा ठसठशीत करतो. एचडीआर फोटो चांगला की भडक, हे बहुतेक वेळा याच टप्प्यावर ठरते.

सुरुवात कशी करावी?

पहिली पायरी सेटिंगची नाही, रुमालाची आहे. खिशातल्या मोबाइलच्या भिंगावर बोटांचे तेल असते. उजेड समोरून आला की ते तेल पूर्ण फोटोवर धुक्यासारखे पसरते आणि एचडीआरचा फायदा तिथेच संपतो. भिंग मऊ कापडाने पुसावे.

दुसरी पायरी, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘एचडीआर’ शोधावे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बंद, चालू आणि ऑटो असे पर्याय असतात. नवख्यांनी ‘ऑटो’ ठेवावे. नव्या आयफोन आणि पिक्सेलसारख्या फोनमध्ये ते कायमच चालू असते, वेगळे बटण दिसत नाही. त्याच वेळी ‘ब्युटी’ किंवा चेहरा गुळगुळीत करणारा पर्याय बंद करावा. त्याचा एचडीआरशी संबंध नाही. सावलीतून परत मिळवलेल्या सुरकुत्या तो पुसून टाकतो.

तिसरी पायरी, उजेड स्वतः ठरवावा. पडद्यावर ज्या भागाला बोट लावले, त्या भागानुसार फोन उजेड ठरवतो. दारातल्या फोटोत आधी चेहऱ्यावर बोट लावावे. मागचे आकाश पांढरे होत असेल, तर बोटाशेजारी दिसणारे सूर्याचे चिन्ह थोडे खाली ओढावे. आकाशात रंग दिसू लागला की थांबावे. चेहरा थोडा गडद वाटला तरी चालेल. गडद भाग नंतर उजळता येतो, वाहून गेलेला परत मिळत नाही. पिक्सेल फोनमध्ये उजळ आणि सावलीच्या भागांसाठी दोन स्वतंत्र पट्ट्या मिळतात.

चौथी पायरी, हात स्थिर ठेवावा. कोपरे छातीला टेकवावेत किंवा खांबाला, चौकटीला फोन टेकवावा. बटण दाबल्यावर लगेच हात खाली घेऊ नये, कारण काही फोटो त्यानंतरही टिपले जात असतात. तीन सेकंदांचा टायमर लावला, तर बोटाच्या धक्क्याचा प्रश्न मिटतो.

पाचवी पायरी सर्वात स्वस्त. एक पाऊल टाकून पाहावे. आजीला उंबरठ्याच्या हातभर आत, पण बाजूने उजेड येईल असे उभे केले आणि फोटो काढणारा दारातून न पाहता खोलीच्या कडेने पाहू लागला, तर चौदा स्टॉपचा प्रश्न आठ-नऊ स्टॉपवर येतो. तेवढे कोणताही फोन सहज पेलतो.

स्वतः फोटो काढून जोडायचे असतील तर?

ज्यांना फोनने घेतलेले निर्णय पसंत नाहीत, त्यांच्यासाठी जुनी पद्धत खुली आहे. तिला ‘ब्रॅकेटिंग’ म्हणतात. लेण्याचा, मंदिराच्या गाभाऱ्यासमोरच्या सभामंडपाचा किंवा वाड्याच्या चौकाचा फोटो, म्हणजे जिथे काही हलत नाही, तिथे ती उत्तम.

फोन ट्रायपॉडवर बसवावा. कॅमेऱ्यातला ‘प्रो’ मोड निवडावा. आयएसओ १०० ठेवावा. फोकस आणि रंगाचा समतोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, हाताने ठरवून तसाच ठेवावा. नाहीतर एक फोटो पिवळट आणि दुसरा निळसर येतो. मग बदलायचा तो शटरचा वेळ. नेहमीचा फोटो एका सेकंदाच्या साठाव्या भागात येत असेल, तर दुसरा अडीचशेव्या भागात, म्हणजे दोन स्टॉप गडद आणि तिसरा पंधराव्या भागात, म्हणजे दोन स्टॉप उजळ. अंतर फार मोठे असेल, तर पाच फोटो काढावेत. सर्वात गडद फोटोत खिडकीबाहेरचे आकाश नीट दिसायला हवे आणि सर्वात उजळ फोटोत कोपऱ्यातली मूर्ती. या दोन अटी पूर्ण झाल्या, की मालिका पूर्ण झाली.

हे फोटो जोडण्यासाठी संगणकावर लाइटरूमसारखे विकतचे आणि ‘ल्युमिनन्स एचडीआर’, ‘हगिन’ यांसारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत. मोबाइलवरील ॲपमध्ये ‘एचडीआर’ नावाचे जे फिल्टर दिसतात, त्यांच्याबाबत मात्र गल्लत होऊ देऊ नये. ते एकाच फोटोतल्या सावल्या चढवून आणि कडा ठळक करून एचडीआरसारखा आभास तयार करतात. फोटोत नोंदलेच न गेलेले आकाश ते आणू शकत नाहीत.

स्मारकांत जाताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढता येत असले, तरी ट्रायपॉड लावायला परवानगी घ्यावी लागते. परवानगी नसेल तर फोन हातात घट्ट धरून त्याचे स्वतःचे एचडीआर वापरणे हाच मार्ग.

एचडीआर कुठे नको?

जिथे हालचाल हाच विषय आहे तिथे. लेझीम, पालखीपुढचे टाळकरी, फलाटावर शिरणारी लोकल, उडता पक्षी. इथे फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. नवे फोन हलणारा भाग ओळखून त्या जागी एकच फोटो वापरतात, तरी हाताच्या जागी धूसर सावल्या किंवा अर्धवट टाळ दिसण्याची शक्यता राहते. फोनमध्ये बंद करण्याची सोय असेल, तर अशा वेळी एचडीआर बंद करून अनेक सुटे फोटो काढावेत.

दिव्यांच्या रोषणाईतही सावध असावे. अनेक एलईडी दिवे डोळ्यांना न कळेल इतक्या वेगाने चालू-बंद होत असतात. काही फोटोंत दिवा लागलेला, काहींत विझलेला असे झाले की चित्रावर पट्टे उमटतात.

तिसरी जागा म्हणजे जिथे अंधारच हवा आहे. मावळतीच्या आकाशापुढे कोळ्याच्या होडीची काळी आकृती, एका पणतीच्या उजेडात उजळलेला अर्धा चेहरा, सह्याद्रीच्या घाटातले धुके. एचडीआर अशा ठिकाणी सगळे सारखे उजळून टाकते आणि जे पाहून फोन खिशातून काढला, तेच फोटोतून जाते. इथे आकाशावर बोट लावून उजेड खाली ओढावा आणि सावलीला सावली राहू द्यावी.

चेहऱ्याचा रंग बदलतो तो का?

एचडीआरमधला सर्वात नाजूक प्रश्न हाच. सावली चढवायची म्हणजे गडद भाग उजळायचा. पण गडद म्हणजे नेहमी सावलीच असते असे नाही. सावळ्या माणसाचा चेहरा सावळाच असतो. तो सावलीत आहे असे समजून फोनने उजळला, की लग्नाच्या समूहछायाचित्रात आत्याचा चेहरा खडूसारखा दिसतो आणि ती ओळखू येईनाशी होते.

या चुकीला इतिहास आहे. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांतली यंत्रे जुळवण्यासाठी गोऱ्या स्त्रीच्या छायाचित्राचे कार्ड वापरले जाई. कोडॅकचे हे ‘शर्ली कार्ड’ कित्येक वर्षे प्रमाण मानले गेले. सावळ्या आणि काळ्या वर्णाची माणसे त्या मोजपट्टीत बसत नसत. डिजिटल कॅमेऱ्यांना शिकवतानाही नमुन्यांत गोरे चेहरे जास्त असले, तर तीच चूक नव्या रूपात येते. गुगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ बरोबर ‘रिअल टोन’ या नावाने, सर्व वर्णांचे चेहरे जसे आहेत तसे टिपण्यासाठी केलेले बदल जाहीर केले, ते या तक्रारीची दखल म्हणूनच.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. एकाच माणसाचे दोन फोटो काढावेत, एक उघड्या सावलीत, जिथे उजेड सगळीकडून सारखा येतो आणि एक उन्हाकडे पाठ करून. दुसऱ्या फोटोत वर्ण पहिल्यापेक्षा फिका किंवा राखाडी आला, तर तो फोन सावल्या जास्त चढवतो असे समजावे आणि पुढच्या वेळी सूर्याचे चिन्ह थोडे खाली ठेवावे.

गॅलरीत चमकणारा फोटो पाठवल्यावर फिका का पडतो?

कारण ‘एचडीआर’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक म्हणजे वर सांगितलेली फोटो काढण्याची पद्धत. दुसरी म्हणजे फोटो दाखवण्याची पद्धत. नव्या फोनचे पडदे काही भागात एक हजार निट्सहून जास्त प्रखर होऊ शकतात. त्याचा उपयोग करून दिव्याची ज्योत, पाण्यावरचे ऊन प्रत्यक्षात चमकल्यासारखे दाखवता येते. अँड्रॉइड १४ मध्ये, २०२३ साली, ‘अल्ट्रा एचडीआर’ फोटोंची सोय आली. यात नेहमीच्या जेपीईजी फोटोसोबत एक छोटा नकाशा असतो. कोणता भाग किती जास्त उजळ दाखवायचा, हे त्यात लिहिलेले असते. साधा पडदा तो नकाशा सोडून देतो आणि नेहमीचा फोटो दाखवतो.

फोटो पाठवणाऱ्या ॲपने फाइल दाबताना हा नकाशा टाकून दिला किंवा समोरच्याचा पडदा जुना असला, तर चमक जाते. फोटो बिघडलेला नसतो. घरच्यांना मूळ फोटोच द्यायचा असेल, तर तो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मग फाइल आहे तशी जाते. छापून भिंतीवर लावायचा असेल, तर या चमकेचा काही उपयोग नाही. कागद स्वतः उजेड देत नाही. तिथे टोन मॅपिंग नीट झालेला साधा फोटोच कामाला येतो.

असा फोटो खरा मानायचा का?

हा वाद वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आधी झाला. जानेवारी २०१२ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने पहिल्या पानावर पुलावरच्या सूर्यास्ताचे एचडीआर छायाचित्र छापले. अनेक फोटो एकत्र करून ते तयार केल्याचे फोटोओळीत सांगितले होते, तरी चर्चा झडली. वेगवेगळ्या क्षणांचे फोटो जोडून केलेले चित्र बातमीचे छायाचित्र म्हणता येईल का, असा आक्षेप होता. तेव्हा तो अपवाद होता. आज वाचकाच्या खिशातला जवळजवळ प्रत्येक फोटो अनेक फोटोंचा मिळून बनतो आणि कुठेही तशी ओळ नसते.

तरी एक फरक करायला हवा. एचडीआरने जोडलेले सगळे तुकडे त्याच जागी, सेकंदाच्या काही भागात, त्याच भिंगातून आलेले असतात. आकाश पांढरे न होता निळे दिसते, कारण ते निळेच होते. जे समोर नव्हते ते घालणारे, कोरड्या झाडाला पाने आणणारे किंवा मिटलेले डोळे उघडणारे ॲप हे वेगळ्या जातीचे काम करते. दोन्हींना ‘एडिटिंग’ या एकाच शब्दाखाली टाकले, की ही सीमा पुसट होते.

पुरावा म्हणून किंवा नोंद म्हणून फोटो काढताना, उदाहरणार्थ पडलेली भिंत, आडवे झालेले पीक, अपघाताची जागा, ही सीमा महत्त्वाची ठरते. अशा वेळी फिल्टर लावू नये, फोटो कापू नये, मूळ फाइल जपून ठेवावी आणि शक्य असेल तर दोन-तीन कोनांतून फोटो घ्यावेत. ढगाळ दुपारी काळेकुट्ट आभाळ एचडीआरमध्ये सौम्य दिसू शकते, हेही ध्यानात असावे. फोटोत उजेड किती होता हे सांगण्याचे काम आता फोटोवर सोपवता येत नाही.

घरच्या फोटोंनाही हाच नियम लावला तर बिघडत नाही. आजीचा दारातला फोटो फोनने उजळून दिला, तर मूळ फाइल ठेवून द्यावी, तिच्यावर फिल्टरचा थर चढवू नये. काही फोनमध्ये एचडीआरशिवायचा फोटोही सोबत जतन करण्याचा पर्याय असतो, महत्त्वाच्या दिवशी तो चालू ठेवावा. फोनमध्ये ‘रॉ’ फोटोची सोय असेल, तर एखादा फोटो त्यातही काढावा. ती फाइल मोठी असते आणि सुरुवातीला रुक्ष दिसते, पण सेन्सरने नोंदलेले बरेच काही तिच्यात शिल्लक असते. पाच-दहा वर्षांनी अधिक चांगले सॉफ्टवेअर हाती आले, तर त्याच फाइलमधून तोच चेहरा पुन्हा काढता येईल.